आबांचा आरसा आणि डुलणारा तारा

पंच्याण्णव साली दिवाळीच्या आगेमागे आमच्या घरी रविवारचा पेपर सुरू झाला तो निव्वळ वधू-वर जाहिरातींसाठी. मी चोवीस वर्षांची होते, बी.एस्सी. बी.एड. झालेली होते आणि कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या शाळेत सायन्स शिकवत होते. आईच्या मते यातली एकेक गोष्ट लग्नाला आडवी येणारी होती. तिन्ही एकत्र म्हणजे कहरच. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की ती पेपर माझ्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "मोठ्यानं वाच." बौद्ध वरांच्या जाहिराती पानाच्या अगदी तळाशी असत. त्या रविवारी तळाशी पोचायच्या आधीच मी वरच्या एका बातमीत अडकले.

बातमी अशी होती, की आपल्या सूर्यासारख्याच एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असल्याचं सापडलं आहे. ग्रह कुणी पाहिलेला नव्हता. तो ओढतो म्हणून तारा जागच्या जागी किंचित डुलतो, आणि ते डुलणं जमिनीवरच्या एका दुर्बिणीनं पकडलं होतं. पुढं असंही लिहिलं होतं, की असे आणखी ग्रह सापडतील, मग प्रचंड आरशांच्या दुर्बिणी जमिनीवर उभ्या राहतील, त्या ग्रहांवरच्या हवेतून आलेला उजेड तपासतील आणि तिथं जीव आहे का ते शोधतील.

"पोरगा काय करतो?" आईनं विचारलं.

"आई, ही ग्रहाची बातमी आहे."

"ग्रह-बिरह आपन बघत न्हाई. पुढं वाच."

आबा खाटेवर पडून होते. ते कारखान्याच्या वर्कशॉपात टर्नर. लेथवर शाफ्ट लावला की नुसतं नख टेकवून तो किती वाकडा फिरतोय ते सांगायचे. इंचाच्या हजाराव्या भागाला वर्कशॉपात थाऊ म्हणत, आणि एका थाऊवरून आबांनी चार-चार दिवस अबोला धरलेला मी पाहिला आहे. ते उठून बसले.

"पुन्यांदा वाच. डुलतंय ते."

मी पुन्हा वाचलं. आबांनी हवेत बोट गोल फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे सेंट्रिफ्यूगलवानी."

सेंट्रिफ्यूगल म्हणजे साखर आणि मळी वेगळी करणारं मशीन. बारीक भोकांचं मोठं पिंप गरागरा फिरवतात, मळी भोकांतून बाहेर जाते, साखर आत राहते. माल एका अंगाला जास्त पडला तर आख्खं मशीन डुलायला लागतं. आबांचं निम्मं आयुष्य त्या मशीनचे शाफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं.

"आत न बघता कळतं, की माल एका अंगाला बसलाय," आबा म्हणाले. "तारा डुलतोय म्हंजे त्येच्या अंगाला कायतरी जड हाय. बराबर?"

मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नववीच्या वर्गाला जे मी आठवडाभर फळा खरवडून सांगू शकले नसते ते माझ्या सातवी पास बापानं खाटेवर बसून एका वाक्यात मांडलं होतं. मी म्हटलं, "अगदी बरोबर, आबा."

"अन् हे जमिनीवरून बगितलं? आपल्यासारखं उभं राहून, डोळा लावून?"

इथं मी गप्प बसायला नको होतं. डोळ्याला ते डुलणं दिसत नाही. ताऱ्याचा उजेड फोडून त्याची रंगांची पट्टी करतात, त्या पट्टीतल्या काळ्या रेषा केसभर इकडंतिकडं सरकतात, त्यावरून ते ओळखतात. हे मला माहीत होतं. पण आबांचा चेहरा इतका खुललेला होता, की मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." आम्हा शिकवणाऱ्यांना ही वाईट खोड असते. सोपं करता करता आम्ही कधी खोटं बोलायला लागतो ते आमचं आम्हाला कळत नाही.

"मंग मी बघनार ते," आबा म्हणाले. "पुढच्या नोव्हेंबरात रिटायर व्हायच्या आत बघनार. आरसा मी घडवीन. बत्तीस वरसं दुसऱ्याच्या मशीनचे तुटके तुकडे करून दिले. एक वस्तू माझ्या मनाची करू द्या."

आई म्हणाली, "आदी पोरीचं बघा." पण त्या रविवारी माझं कुणीच बघितलं नाही, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मी पुण्याहून आरसा घासायच्या कृतीची एक झेरॉक्स पुस्तिका मिळवली. आबांनी टेम्पोवाल्याकरवी मुंबईच्या भंगारातून जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड गोल काचा आणवल्या, सहा-सहा इंचांच्या. क्वार्टरच्या मागं वाळूनं भरलेला एक ऑइलचा ड्रम उभा केला. त्यावर एक काच बसवायची, तिच्यावर एमरीची खरखरीत पावडर आणि पाणी टाकायचं आणि दुसरी काच घासायची. तीन-चार हात मारले की एक पाऊल बाजूला सरकायचं. असं ड्रमाभोवती फिरत राहिलं की वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचा आरसा बनतो. ड्यूटी संपली की आबा रोज तास-दीड तास ड्रमाभोवती फिरायचे.

कॉलनीला हा रोजचा तमाशा झाला. आबांचे जोडीदार फिटर पुणतांब्याचे, माळकरी, कपाळाला बुक्का. बत्तीस वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्लेला. ते सायकल भिंतीला लावून उभे राहायचे.

"बत्तीस वरसं आमच्यासंगं एका देवळात आला न्हाईत मिस्त्री, अन् आता ड्रमाला परदक्षिना!"

"ड्रम निदान काम करतोय," आबा फेरा न थांबवता म्हणायचे.

"पर तिकडं मानसं हायती का वो?"

"ते मागनं बघू. आदी तारा डुलतोय का बघायचं."

वर्कशॉपच्या कॅन्टीनमध्ये त्यावर चर्चा झडत. तिकडं माणसं असली तर ऊस पिकवत असतील का, पिकवत असतील तर भाव कोण ठरवतं, आणि तिथल्या कारखान्यालाही चेअरमन असेल का. यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की जीव असेल तर चेअरमन असणारच.

उन्हाळ्यात आरसा पॉलिशला आला आणि वैताग घरात शिरला. पॉलिशला राळ वितळवून तिचा थर खालच्या काचेवर ओतावा लागतो. आबांनी ती राळ आईच्या दुधाच्या पातेल्यात वितळवली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण आबांशी न बोलण्याचा काही उपयोग नसायचा. पॉलिशची पावडर लाल. ती आबांच्या बोटांना, बनियनला, दाराच्या कड्यांना, पाण्याच्या माठाला, सगळीकडं लागली. अशातच बेलापूरची मंडळी मला बघायला आली. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. आबा मागच्या दारानं तसेच आत आले, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

मामा उठून उभे राहिले. "लागलं का काय?"

"न्हाई, न्हाई. बसा. आरसा घासत हुतो."

"मुलीसाठी?" मुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं.

"ताऱ्यासाठी," आबा म्हणाले आणि मुलाकडं वळले. "मला सांगा, फिरतं मशीन डुलायला कशानं लागतं?"

मुलगा पंचायत समितीत क्लार्क होता. त्यानं पोहे खाली ठेवले. आठ दिवसांनी निरोप आला, की मुलगी चांगली आहे पण घरात आरशाचं वेड जरा जास्त दिसतं. आईनं तो निरोप मला शब्दन् शब्द ऐकवला, मीच काच घासली असल्यासारखा. तशी मी घासतही होते. रविवारी आबा दमले की ड्रमाभोवती मी फिरायचे.

आरसा तपासायची रीत तर आबांच्या जीवावरच उठली. एक बल्ब, त्यापुढं सुईनं भोक पाडलेला पत्र्याचा डबा आणि एक दाढीचं पातं. भोकातून उजेड आरशावर टाकायचा, परत येणाऱ्या उजेडात पातं हळूच सरकवायचं, की आरशावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा उंचवटा असला तरी सावलीच्या टेकडीसारखा दिसतो. आबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पातं परत परत सरकवून बघितलं. आयुष्यभर ज्या थाऊला ते देव मानत आले, तो यापुढं डोंगर होता. त्या दिवसापासून आबांनी लेथवरच्या पोरांवर ओरडणं बंद केलं. मला विचारलं तर म्हणाले, "मीच किती ढोबळ काम करत आलो, आता त्येंना काय बोलू."

तेव्हा मी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "आबा, ते डुलणं म्हणजे तसं डोळ्याला…"

"डोळ्याला न्हाई दिसनार, मला ठाव हाय," आबा म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. "म्हनून तर आरसा येवढा बारीक करतोय. आरसा बारीक असंल तर दिसंल."

मी पातं पुसायला घेतलं. भित्री मी पहिल्यापासूनच. वर्गात तेवढी वाघीण.

दुर्बिणीची नळी शेतातल्या पाइपची झाली. खालचा बुडखा मात्र आबांनी ऊस गाळायच्या मिलच्या मोडक्या गियरचा केला. तो उचलायला चार माणसं लागायची. आबांचं म्हणणं एकच, मशीन फाउंडेशनला सिमेंट ओतून पक्कं जखडल्याशिवाय ते मशीन नव्हे. वर्कशॉपच्या मागं उघड्यावर एका जुन्या लेथचं काँक्रीटचं फाउंडेशन होतं, मिलहाउसच्या भिंतीला लागूनच. त्यावर त्यांनी बोल्ट ठोकून बुडखा बसवला. पावसाळा सरता सरता बाजारातला एक छोटा खोलगट आरसा तात्पुरता लावून आम्ही भर दुपारी कारखान्याच्या धुराड्याच्या टोकावर दुर्बीण रोखली. टोकावर बसलेल्या कावळ्याची चोच दिसली आणि ती ढिम्म हलत नव्हती. सगळ्या वर्कशॉपनं रांग लावून कावळा पाहिला. आबा म्हणाले, "बगा. याला म्हनायचं फाउंडेशन."

आरशावर चकाकी चढवायला पुण्याला पाठवावं लागलं. तिथं त्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर देतात, की बोट लागलं तरी डाग पडतो. दसऱ्याच्या आधी आरसा परत आला. आबांनी तो मऊ फडक्यात गुंडाळून वर्कशॉपच्या कपाटात ठेवला. मी त्यांना बजावलं, पुढून हात लावायचा नाही. ते त्यांनी पाळलं. पण बजावलं फक्त त्यांनाच.

दसऱ्याला आबा दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मनमाडवरून आमच्या वस्तीतली पंधरा-वीस माणसं एकत्र गाडी धरायची. ते आदल्या दिवशीच निघाले. आणि त्याच दिवशी वर्कशॉपात खंडेनवमी होती, हत्यारं पुजायचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी लेथ, ड्रिल, शेपर, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं, झेंडूच्या माळा पडायच्या, नारळ फुटायचा. आबांच्या लेथची पूजा बत्तीस वर्षं फिटर करत आले होते, आणि बत्तीस वर्षं आबा नागपूरहून येऊन काही न बोलता लेथवरचं हळदीकुंकू कापडानं पुसत आले होते. दोघांना त्याचं काही वाटत नसे. त्या वर्षी फिटरांनी कपाट उघडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून डबा द्यायला वर्कशॉपात गेले तर आबा नुकतेच आले होते आणि फिटर त्यांना हाताला धरून कपाटाशी नेत होते.

"मिस्त्री, यंदा पयला मान तुमच्या काचंला दिला. तुमी न्हाई करत, तर आमी तरी करावं का न्हाई? वरीसभर राबलाय तुमी."

फडकं बाजूला केलेलं. आरशाच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचा टिळा. त्याभोवती ओल्या हळदीची पाच बोटं. वर चिकटलेल्या अक्षता, आणि नारळाच्या पाण्याचा एक ओघळ कडेपर्यंत गेलेला, वाळून पांढरा झालेला. कुंकवात चुना असतो आणि चुना ॲल्युमिनियम खातो, हे मी नववीला शिकवते. टिळ्याच्या कडेला थर खाल्ला जाऊन आरपार काच दिसायला लागली होती.

आबांनी पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग फिटरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंत." आणि डबा उघडून बसले.

मला मात्र राहवलं नाही. आबा हात धुवायला गेले तसं मी फिटरकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. हे सांगताना मी भयंकर चिडले होते, हे खरं; पण आतून मला हायसं वाटत होतं, हेही तितकंच खरं. आता नोव्हेंबरच्या आत आरसा तयार होत नाही, आबा ताऱ्याला डोळा लावत नाहीत, आणि माझं खोटं उघडं पडत नाही. खराब झाला तो आबांचा वर्षभराचा घाम, आणि मी मनात माझी सुटका मोजत होते. त्या रात्री मला माझीच किळस आली.

फिटरांनी माझी ही सुटका फार दिवस टिकू दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून आरसा घेऊन मळीच्या टँकरमध्ये बसले. पुण्यापर्यंत आरसा मांडीवर. ड्रायव्हर नंतर सांगायचा, की वाटेत चहाला उतरतानाही त्यांनी तो खाली ठेवला नाही, ड्रायव्हरलाच कप धरायला लावला आणि त्यातून प्यायले. पुण्याच्या लोकांनी विचारलं, इतक्यात परत कसा आला? फिटर म्हणाले, "पयल्या बारीला आमी पूजा केली." त्या लोकांना ते कळलं नाही आणि फिटरांनी कळू दिलं नाही. थर धुऊन नवा चढायला तीन आठवडे लागले, तेव्हा ते पुन्हा टँकरनं जाऊन तो घेऊन आले. या खेपेला आरसा एका लाकडी पेटीत होता आणि पेटीवर फिटरांनी ऑइल पेंटनं लिहिलं होतं: हात लावू नये. पूजाही करू नये.

आबांच्या रिटायरमेंटला चार दिवस उरले होते.

त्या दिवसांत तो तारा संध्याकाळी सात वाजताच डोक्यावर यायचा, पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांच्या अधल्यामधल्या जागी, जरासा पश्चिमेला. चीफ इंजिनिअर साहेबांनी यार्डातले दिवे अर्धा तास बंद ठेवायची परवानगी दिली आणि स्वतः स्वेटर घालून हजर झाले. सगळं वर्कशॉप होतं. पहिली पाळी सुटलेली माणसं घरी न जाता थांबली होती. आईही आली, पदरानं नाक दाबून, कारण हंगाम सुरू होऊन मळीचा वास सुटला होता. मी नकाशा बघून तारा शोधला, भिंगात आणला आणि बाजूला झाले. बाजूला होण्याआधीच मला दिसलं होतं.

आबांनी डोळा लावला. डोळा न काढता ते म्हणाले, "डुलतंय."

फिटर एक पाऊल पुढं सरकले.

"डुलतंय! एका तालात डुलतंय!" आबांचा आवाज फाटला. ते मागं सरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला विचारलं, "हेच ना? पेपरातलं?"

मिलहाउसमध्ये ऊस गाळला जात होता. पायाखालची जमीन बारीक थरथरत होती, चोवीस तास थरथरायची; हंगामात आम्हा कॉलनीवाल्यांना ती जाणवेनाशी होते. ऑफ सीझनला कावळ्याची चोच ढिम्म होती कारण मिल बंद होती. आबांचं पक्कं फाउंडेशन मिलच्या भिंतीला लागून होतं, आणि मिलबरोबर फाउंडेशन, फाउंडेशनबरोबर दुर्बीण, दुर्बिणीबरोबर तारा. मला हे सगळं दिसत होतं. मी म्हटलं, "हो आबा. हेच."

एकच कल्ला झाला. फिटरांनी डोळा लावून "डुलतंय की वो!" म्हणून आरोळी ठोकली. साहेबांनी पाहिलं आणि "यस, यस, व्हेरी क्लिअर," म्हणाले. आईनं पाहिलं आणि विचारलं, "त्येंना आपुन दिसत असू का?" कुणीतरी आबांना उचलायचा प्रयत्न केला. मी हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि आबांकडं बघायचं टाळत होते.

आबा मात्र पुन्हा डोळा लावून काहीतरी मोजत राहिले. गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्यो ग्रह एक फेरा किती दिसात घेतो म्हनली हुतीस?"

"चार दिवसांत. थोडा जास्त."

"मंग तारा बी चार दिसात एकदा डुलायला पायजे. ह्यो तर मोजता येत न्हाई इतक्यांदा डुलतोय."

त्यांनी नळीला हात लावला. मग खाली बसून फाउंडेशनवर तळवा टेकवला. मग एक नख टेकवलं. उठून नळी ढिली केली, जरा बाजूला वळवली आणि दुसऱ्याच एका ताऱ्यावर लावली.

"ह्यो बी डुलतोय."

"मंग त्येला बी ग्रह असंल!" फिटर ओरडले.

आबांनी तिसरा तारा पकडला. "ह्यो बी."

"सगळ्यांलाच हायती मिस्त्री! सगळ्यांलाच हायती!"

पुढच्या काळात शास्त्रज्ञ जवळजवळ तेच म्हणायला लागले, की बहुतेक ताऱ्यांना ग्रह आहेत. फिटर शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी तिथं पोचले होते, तेही मळीच्या वासात उभं राहून. पण त्या संध्याकाळी आबांनी हात वर केला.

"तारं डुलत न्हाईत," आबा म्हणाले. "मिल चालू हाय. आपुनच हालतोय. माफ करा मंडळी, माल नापास हाय."

यार्डातले दिवे लागले. लोक पांगले. फिटर जाता जाता आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, मी तर बगितलं. मी न्हाई मागं घेनार." आणि खरंच, त्यांनी ते कधी मागं घेतलं नाही.

आम्ही घरी आलो. आईनं ताटं वाढली. आबांनी घास घेतला नाही.

"तुला ठाव हुतं," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. "हो."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून. डोळ्याला ते दिसतच नाही, आबा. कुठल्याही आरशातून दिसणार नव्हतं."

मला वाटलं, ते वर्षभराच्या घामाबद्दल बोलतील, ड्रमाबद्दल, राळेबद्दल. आबा ताटाकडं बघत म्हणाले, "तारा न्हाई दिसला त्येचं कायबी न्हाई. म्या बत्तीस वरसं वाकडा शाफ्ट सरळ म्हनून पास केला न्हाई. तू आज इतक्या मानसांसमोर मला पास करायला लावत हुतीस. अन् वर टाळ्या वाजवत हुतीस."

मला रडू आलं. मी म्हटलं, तुमचा चेहरा बघून मला बोलवेना. आबा म्हणाले, "माजा चेहरा मी सांभाळीन. तू खरं काय ते सांग. पयल्यापास्नं."

मग मी सांगितलं. काहीही सोपं न करता. उजेड कसा फोडतात, रंगांची पट्टी, तिच्यातल्या काळ्या रेषा, तारा आपल्याकडं येताना त्या एका अंगाला कशा सरकतात आणि लांब जाताना दुसऱ्या अंगाला, आणि त्या सरकण्यापुढं दाढीच्या पात्याखाली दिसलेली ती टेकडीसुद्धा कशी ढोबळ. आणि उद्या त्याच पट्टीत तिथल्या हवेच्या खुणा शोधून जीव आहे का ते कसं बघणार आहेत. आई भाकरी हातात धरून ऐकत होती. आबांनी मध्ये दोनदा थांबवलं, दोनदा परत सांगायला लावलं. कळलं नाही तिथं "कळलं न्हाई" म्हणाले. भाजी थंड झाली.

शेवटी ते म्हणाले, "येक सांग. त्येंची दुर्बीन बी जमिनीवरच हाय. म्हंजे ती बी हालनार. उन्हानं तापनार, थंडीनं आखडनार, आरसा केसभर सरकनार. मंग पट्टीतली रेघ सरकली ती ताऱ्यानं सरकली का त्येंच्या मशीननं, ह्ये त्येंनी कसं वळखलं?"

मी बी.एस्सी.ची सगळी पुस्तकं मनात चाळली. बातमी आठवली. हा प्रश्न मला वर्षभरात एकदाही पडला नव्हता. तोंडावर काहीतरी गुळगुळीत उत्तर आलंही होतं.

"मला माहीत नाही, आबा," मी म्हटलं.

घरी आल्यापासून आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मग भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.

"हां," ते म्हणाले. "आता खरं बोललीस. जेव."